डोंगळे फुललेत

चौथ्या मजल्यावर माशी येत नाही. म्हणजे घरमाशी येते, डास न बोलावता येतात, कबुतरांनी तर गॅलरीवर मालकी हक्कच सांगितलाय. पण मधमाशी येत नाही. गेले बारा दिवस मी सकाळी नऊच्या सुमारास गॅलरीत स्टूल टाकून तिची वाट बघत बसते. समोर चार कुंड्या आहेत आणि चारही कुंड्यांत कांद्याचे डोंगळे फुललेत.

ज्यांनी कांदा फक्त टोपलीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. कांदा चिरायला न घेता पुन्हा मातीत लावला, की त्याच्या पातीतून एक पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा गोल गोंडा धरतो. तो डोंगळा. फुलं वाळली की त्यात काळं, कोनदार बी मिळतं. त्याला आमच्या निफाडकडे उळं म्हणतात. उळं टाकायचं, त्याचं रोप करायचं, रोप लावून कांदा करायचा आणि त्यातला निवडक कांदा पुन्हा डोंगळ्यासाठी ठेवायचा. हे चक्र माझ्या आईने पंचावन्न-साठ वर्षं एकदाही तुटू दिलं नाही. ते मी तोडलं. कसं, ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलेय.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना कुंड्या फार आवडल्या. "काय गोड गोंडे आहेत हो! बाहेरून मागवलंत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, निफाडहून." कांदा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. कुंडीत लावायला जगात इतकी झाडं असताना या बाईला कांदा सुचावा, असं त्यांच्या मनात आलं असणार. मलाही पूर्वी असंच वाटलं असतं. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण घरात एक तुळस सोडली तर काही जगवलं नाही.

दुपारी ऊन चढलं की या फुलांना एक वास येतो. मध आणि कांदा एकत्र केल्यासारखा. तो वास घरभर झाला की मला बसवत नाही, उठून फिरावंसं वाटतं.

आमच्याकडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. माघात पहाटे द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवतात, धूर वेलींच्या खालून सरकत राहतो आणि दव इतकं पडतं की बांधावरून चाललं तर साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजतो. आमचा मळा गावापासून दीड किलोमीटरवर. विहीर, विहिरीवर चिंच, दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या पूर्वेला दहा गुंठ्यांचा तुकडा. तो तुकडा आईचा. बाकीच्या रानात वडिलांचं राज्य, नंतर माझ्या धाकट्या भावाचं, बाळूचं. ऊस आला, ऊस गेला, द्राक्षं आली. पण त्या दहा गुंठ्यांत काय लावायचं हे आईला कुणी विचारलं नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं.

दिवाळी झाली की ती साठवणीच्या चाळीतले कांदे काढून अंगणात पसरायची आणि मधोमध पाटावर बसायची. एकेक कांदा उचलून फिरवून बघायची. मान बारीक हवी, अंग गोल हवं, रंग एकसारखा हवा. मुलगी बघायला आलेली मंडळी काय बघतील असं बघायची. मग विळीवर त्याचं टोक कापायची आणि आत किती डोळे, म्हणजे कोंब, आहेत ते तपासायची. एकच डोळा असला तर उजव्या हाताला, दोन असले तर डाव्या हाताला. डावीकडचे आमच्या कालवणात. लहानपणी मला वाटायचं, आपल्या घरात कायम नापास झालेले कांदेच खातात. हे मी एकदा बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मग? पास झालेले पुढच्या वर्गात जातात."

तेव्हा चिंचेवर आग्या मोहोळ असायचं. डोंगळे फुलले की त्या तुकड्यावर माश्यांची इतकी गुणगुण चाले की घरात बसून ऐकू यायची. आम्हाला तिकडे फिरकायची बंदी. आई मात्र ओळींतून खुशाल हिंडायची. तिला कधी माशी चावली नाही असं ती सांगायची. ते खोटं होतं, कारण दोनदा तरी तिचा डोळा सुजलेला मी पाहिलाय.

त्या दिवसांत ती कुठे म्हणजे कुठे जायची नाही. लग्न असो, कुणाचं काही दुखलं-खुपलं असो. "डोंगळं फुललेत" एवढंच उत्तर. माझी मेघना माघातच झाली, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी. बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, आणि आजी कुठेय म्हणून शोधाशोध. आजी डोंगळ्यांत. हात धुऊन आली तरी तिच्या बोटांना कांद्याच्या फुलांचा वास येत होता. त्याच हातांनी तिने माझ्या लेकीला पाळण्यात घातलं. मी कुजबुजले, "आई, आजचा एक दिवस तरी." ती म्हणाली, "ही दोन्ही एकाच टायमाला आली त्याला मी काय करू?"

पुढे मी नाशकात फ्लॅट घेतला, वडील गेले, मग काही वर्षांनी मेघनाचे बाबाही गेले. मी आईला म्हणायची, थंडीचे दोन महिने माझ्याकडे ये, गिझर आहे, दार लावलं की वारा नाही. तिचं उत्तर तेच. मला राग यायचा. वाटायचं, मी एकटी आहे हे हिला दिसत नाही का? कांद्याच्या फुलांपुढे लेकीची काही किंमतच नाही का? मी रागाने दोन-दोन आठवडे फोन करायची नाही. मग तीच करायची. तिचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असायचा, त्यामुळे बोलण्याआधी बराच वेळ खुडखुड ऐकू यायची. मग प्रश्न यायचा, "थंडी हे का तिकडं?" मी म्हणायची, आहे. ती म्हणायची, "इकडं लय हे." आणि मग दोघीही गप्प. आज मला वाटतं, त्या गप्प राहण्यातच ती बरंच काही सांगत असावी, आणि मी दर वेळी आधी फोन ठेवत होते.

बाळूने रस्त्यालगत नवं घर बांधलं, तेव्हाही ती मळ्यातच राहिली. त्याने आग्रह कमी केला नाही. तिची खोली रंगवून ठेवली होती. पण तिला म्हणे तिथून तुकडा दिसत नव्हता. तिच्या सोबतीला दिवसा हिराबाई असायची. हिराबाई गावातली, आईपेक्षा वीस वर्षांनी लहान, आमच्याकडे निंदणीला येता येता आईची, तिच्या गयाबाईची, मैत्रीण झालेली. पाच वाजता तीही घरी जायची.

मी ज्या हंगामाबद्दल सांगतेय तो तीन वर्षांपूर्वीचा. आई अठ्ठ्याहत्तरची होती, मला निवृत्तीला तीन महिने होते. चिंचेवरचं मोहोळ केव्हाच गेलं होतं. आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा, आणि फवारणी सकाळची. आई काठी टेकत शेजारच्या बागेत गेली होती म्हणे, तिथल्या मालकाला सांगायला, की बाबा औषध सांजच्याला मार, सकाळी माशी फुलावर असते. तो भला माणूस. म्हणाला, "मावशी, तुमचं खरं हे. पण ट्रॅक्टर भाड्याचा हे. तो येईल तवा मारायचं." आईने यावर भांडण केलं नाही. घरी येऊन मला फोन केला.

"सुमे, औंदा माशीच नाय आली. हातानं करावं लागंल. बाळूची द्राक्षं तोडायला माणसं आलीत, त्याला येळ नाय. तू येतीस का पंधरा दिस?"

तिने मला आयुष्यात काही मागितल्याचं आठवत नाही. तेव्हाही मला ते मागणं वाटलंच नाही. माझ्यासमोर दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या पेपरांचे तीन गठ्ठे होते. मी म्हटलं, "पंधरा दिवस कसे जमतील? रविवारी येते."

"ये," ती म्हणाली.

त्या रविवारी मी खरंच गेले. निफाडला एसटीतून उतरून मळ्यापर्यंत चालत पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. ती बांधावर उभी होती. कधीपासून होती कुणास ठाऊक. डोक्यावरचा पदर कानांमागे घट्ट खोचलेला, अंगात बाळूचा जुना स्वेटर. मला चहासुद्धा न विचारता म्हणाली, "दव सुकलं. आता अकरापातुर टाइम हे. ये."

तिने मला शिकवलं. उघडा तळहात गोंड्यावर ठेवायचा आणि अलगद फिरवायचा, मग तोच हात पुढच्या गोंड्यावर, मग त्याच्या पुढच्या. मी पहिल्याच गोंड्याला जरा जोरात धरलं.

"तसं नाय. पोराच्या डोक्यावरनं फिरवतो तसं. दाबू नको."

"आई, यालाच परागीभवन म्हणतात. पस्तीस वर्षं शिकवतेय मी."

"मग एवढ्या वर्षांत एकदा पण आली नाय करायला?"

ती हसत म्हणाली होती. मीही हसले. पूर्वपरीक्षेच्या पेपरात तो प्रश्न होताच, 'परागीभवन म्हणजे काय?', दोन गुणांना, आणि मुलांनी दोन ओळींत तो मारून नेला होता.

हाताखाली ती फुलं थंडगार लागत होती. अर्ध्या तासात तळहात पिवळसर झाला आणि वास कोपरापर्यंत चढला. आसपास काहीच आवाज नव्हता. लहानपणी जिथे घरात बसूनही गुणगुण ऐकू यायची, तिथे आता दोन बायकांच्या पायांखालची ढेकळं फुटत होती, तेवढंच. आई पुढच्या ओळीत होती. ती कांद्यांशी पुटपुटत होती, तक्रारी करत होती, मध्येच थांबून कंबर धरत होती. मी एक ओळ पुरी केली, विहिरीजवळची, पहिली. माझी कंबर भरून आली.

"झाली माझी ओळ," मी जाहीर केलं.

"झाली कुठं? उद्या परत."

"परत का? हात फिरवला ना सगळीकडून."

तिने एक गोंडा वाकवून मला दाखवला. त्यातली मूठभर फुलं उमलली होती, बाकीच्या बारीक कळ्या मिटलेल्या. "आज उमलली त्यांचं आज. उद्याची उद्या उमलंल, तिला उद्या हात पायजे. एका दिसात उमलत नाय गं सगळी. रोज यावं लागतं."

मी चारच्या गाडीने निघाले. निघताना पाहिलं तर ती त्या पहिल्या ओळीच्या तोंडाशी वाकून एका काठीला निळ्या लुगड्याची चिंधी बांधत होती. मला वाटलं, पाखरं हाकलायला असेल. पुढच्या रविवारी पेपर होते. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या निरोप समारंभाची काहीतरी बैठक होती. तिसऱ्या रविवारी कशामुळे गेले नाही तेही आठवत नाही, आणि हे न आठवणंच मला सगळ्यात जास्त लागतं.

मे महिन्यात ती आपणहून नाशकात आली. एकटी, एसटीने, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत चहाचा जुना पत्र्याचा डबा, आणि डब्यात दोन मुठी काळंभोर उळं.

"हे तुझं," तिने डबा माझ्या हातात दिला.

"एवढंच झालं?"

"औंदा एवढंच. वर्साच्या आत जमिनीला दे बरं का. कांद्याचं उळं वर्साला मरतं."

"आई, इथे जमीन कुठेय? बाळूला देऊन टाकायचंस ना."

"बाळूलाच द्यायचं हे. पण तू नेऊन दे. दिवाळी झाली की तू ये घेऊन."

मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसं कशी उलटसुलट कामं करतात. जो डबा मळ्यातच बाळूच्या हातात द्यायचा, तो चाळीस किलोमीटर लांब आणून पुन्हा मागवायचा. ती माझ्याकडे दोन दिवस राहिली. गॅलरीत उभी राहून खाली बघायची आणि सांगायची, अमुक झाडाला पाणी कमी पडतंय, तमुक झाडाला पालवी फुटेल. मी शेजारी उभी राहून फोनमध्ये बघत होते.

श्रावणात ती गेली. सकाळी हिराबाई आली तर ती उठलीच नव्हती. तिला काही त्रास झाला नाही असं सगळे सांगत होते आणि मला तेच पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर हिराबाई माझ्याजवळ येऊन बसली. सहज बोलता बोलता म्हणाली, "सुमनताई, तुमची ओळ मातर चांगली भरली होती."

मला कळेना. मग तिने सांगितलं. "तुम्ही गेल्यावर आठ दिसांत गयाबाईच्यानं होईना ओ. कंबर धरली. मी म्हनलं, राहू द्या औंदा. तर म्हणत्यात कशा, बाकीचं राहू दे, पण लेकीची ओळ नाय ठेवायची. ती चिंधी नव्हती का बांधली? रोज सकाळी काठी टेकत यायच्या, तेवढी एक ओळ करायच्या अन् बांधावर बसून राहायच्या. मी हात लावते म्हनलं तर लावू देईनात. बाकीच्या ओळी समद्या पोचट गेल्या. डब्यात भरलं ते तुमच्या ओळीचं."

मी उठून विहिरीवर गेले आणि चिंचेखाली उभी राहून रडले. मी आयुष्यात इतकी कधी रडले नाही, अगदी मेघनाचे बाबा गेले तेव्हाही नाही.

आणि मग मी ती चूक केली.

दिवाळीनंतर बाळूचा फोन आला. "ताई, आईचं उळं कुठं ठेवलंय काही माहीत हे का? घरातली सगळी मडकी बघितली. नुसतं पोचट बी हे. वाफा तयार करून ठेवलाय मी." डबा माझ्या समोर होता. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, जिथे मी रोज दिवा लावताना त्याला हात लावायची. द्यायलाच हवा होता. आईने सांगितलं होतं, मला समजत होतं, वाफा तयार होता. पण तो डबा दिला की ते उळं मातीत जाणार, त्याचं रोप होणार, रोपाचा कांदा होणार, कांदा बाजारात जाणार. माझ्या ओळीचं माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं. मी म्हटलं, "नाही रे, मला नाही माहीत."

तो म्हणाला, "बरं." आणि त्याने विकतचं उळं टाकलं.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेली, बियांची उगवणक्षमता फळ्यावर लिहून शिकवलेली बाई, आणि बी देव्हाऱ्याखाली ठेवून त्याला उदबत्ती ओवाळत होते. शेजारच्या ओट्यावर गॅस, कुकरच्या शिट्ट्या, वाफ. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मधूनमधून डबा उघडून मी वास घ्यायची. मला वाटायचं, मी आईला जपतेय.

दुसऱ्या दिवाळीची आवराआवर करताना एकदम भीती वाटली. मी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले, वर्गात प्रयोग करून दाखवायचे तसे. चौथ्या दिवशी बघितलं. पाचव्या, आठव्या, दहाव्या दिवशी बघितलं. शंभरातला एकही दाणा हलला नव्हता. मी फडकं पुन्हा ओलं केलं, जणू काही पाणीच कमी पडलं होतं. त्या दिवशी घरात एवढी शांतता होती की फ्रिज चालू-बंद झालेला कळत होता. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी माझ्या हातून.

मग मी डब्यात होतं तेवढं सगळं उळं टाकलं. थर्माकोलचे खोके आणले, रोपवाटिकेतून माती आणली, वर पोत्याचा तुकडा टाकला. पंधरवड्याने पोतं उचललं तर एका कोपऱ्यात केसाच्या पिनेसारखे वाकलेले हिरवे धागे दिसले. एकूण अकरा. दोन मुठींतले अकरा. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले.

त्या अकरांतली चार पाणी जास्त झाल्याने गेली. सातांचे कांदे झाले. लहान, पण मान बारीक, अंग गोल, रंग आईच्या पसंतीचा. दोन पावसाळ्यात सडले. उरलेल्या पाचांची टोकं मी मागच्या कार्तिकात विळीवर कापली. चारांत एकच डोळा होता. पाचवा नापास झाला, तो मी आमटीत घातला. खाताना डोळ्यांत पाणी आलं, पण ते कांद्याचं म्हणायची सोय होती.

संक्रांतीला बाळू तिळगूळ घेऊन आला तेव्हा कुंड्यांतून दांडे वर आले होते. तो गॅलरीत गेला आणि थांबला. शेतकरी माणूस, त्याला काही विचारावं लागलं नाही. मी त्याच्यामागे उभी राहून सगळं सांगून टाकलं. डबा, ओळ, फोनवरचं खोटं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने वाकून एका दांड्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं आईनं माझ्यासाठी काय ठेवलंच नाय."

दोन वर्षं तो हे मनात घेऊन त्या मळ्यात राबत होता. मला एवढंच म्हणता आलं, "बाळू, ठेवलं होतं रे. माझ्या हाती पाठवलं होतं."

त्याने डोळे पुसले नाहीत, नाक ओढलं. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "माशी इथं यायची नाय. हातानं कर. आलं तर मूठभर मला दे. वाफा मी करून ठेवतो."

म्हणून मी बारा दिवस रोज नऊ वाजता गॅलरीत असते. दव पडत नाही इथे, पण मी थांबते. एकाही दिवशी चुकले नाही. पहिल्या कुंडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, तळहात उघडा ठेवून, दाबत नाही. काल उमलली त्यांचं काल झालं. आजची आज. हाताला वास येतो तो साबणाने जात नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करत नाही. कधी कधी मी पुटपुटते. समोरच्या वहिनींनी एकदा ऐकलं आणि हळूच आपल्या गॅलरीचं दार लावून घेतलं.

आई त्या बांधावर काय करत बसायची हे मला आता कळतं. हात फिरवून झाल्यावर उठून जायला दुसरी जागाच नसते. घरात कुणी वाट बघत नसतं. म्हणून माणूस फुलांजवळ बसतं आणि रस्त्याकडे बघतं. डबा तिने मळ्यातच बाळूला का दिला नाही, हेही आता कळतं. तिला ते उळं पोचवायचं नव्हतं फक्त, मला एकदा तरी तिकडे यायला लावायचं होतं. मला फार एकटं वाटतं. हे मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते. पण तिला माझ्याहून जास्त वाटत असणार, आणि तिने एकदाच, पंधरा दिवसांसाठी, विचारलं होतं.

आज सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना मेघनाचा फोन आला. ती पुण्याला असते. "आई, गुरुवारी माझा वाढदिवस आहे. तू ये ना चार दिवस. किती महिने झाले आली नाहीस."

मी म्हटलं, "मला नाही येता येणार गं. डोंगळे फुललेत."

"काय फुललेत?"

"डोंगळे. तुझ्या आजीचे. रोज हात फिरवावा लागतो. एका दिवसात उमलत नाहीत सगळे."

ती क्षणभर गप्प झाली. तिच्या त्या गप्प राहण्यात मला राग ऐकू आला. ओळखीचा होता, मीच केलेला होता तो. मी पटकन म्हणाले, "तूच ये की. तुला दाखवते कसं करायचं ते."

"या आठवड्यात ऑफिसचं फार आहे गं," ती म्हणाली. "रविवारी येते."

मी म्हटलं, "ये."

फोन ठेवून मी आत गेले. आईच्या कपड्यांतलं एक निळं लुगडं मी आणून ठेवलेलं आहे. त्याच्या काठाची वीतभर चिंधी फाडली आणि चौथ्या कुंडीतल्या आधाराच्या काठीला बांधली. मग दोन्ही हात धुऊन, पुसून, आधी त्याच कुंडीवरून हात फिरवला.